बाकाचं तोंड कुणीकडे

मोठीआईंना हवं होतं फक्त एक बाक. बंगला नको, बाग नको, बाकावर नावाची पाटीसुद्धा नको. बाजारातून येताना त्यांचा उजवा गुडघा फाटकापाशी पोचला की संप पुकारायचा. पुढे जिन्यापर्यंत ऐंशी पावलं आणि वर दोन मजले. तेव्हा फाटकातून आत शिरल्याबरोबर टेकायला काहीतरी असावं, एवढाच विचार. त्या बाकावरून अख्खी इमारत उभी चिरली जाईल, पोटचा मुलगा विरोधी पक्षात जाऊन बसेल आणि दातांच्या डॉक्टरवर भर सभेत रडायची पाळी येईल, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर आपण गुडघ्याला तेल लावून गुमान घरात बसलो असतो, असं त्या आता म्हणतात. त्यांना ओळखणारं कुणी यावर विश्वास ठेवत नाही.

मोठीआई हे नाव घरातलं. पण इमारतीनेही तेच उचललं, कारण त्यांना नुसतं काकू म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

फाटकाच्या आतली तीन हात जागा, खालून गटार जातं म्हणून, कागदोपत्री पालिकेची निघाली. म्हणजे परवानगी आली. परवानगी म्हणजे अर्ज आला, आणि अर्ज आला म्हणजे तळमजल्यावरच्या बाई आल्या. बाई शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. बत्तीस वर्षं दाखले लिहिलेला हात, एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही. मोठीआईंची शाळा चौथीत सुटलेली. अक्षरओळख होती, पण जोडाक्षर आलं की उंबरा आल्यासारख्या त्या थबकायच्या. म्हणून गेली तीस वर्षं बाईंनी लिहायचं आणि मोठीआईंनी सही करायची, अशी पद्धत. बदल्यात बाईंच्या घरचं भांडायचं काम मोठीआईंकडे. प्लंबर, दूधवाला, वीज कंपनीचा माणूस. बाईंना कुणाशी वरच्या आवाजात बोलता येत नसे. एकीचं अक्षर आणि दुसरीचा आवाज, असा दोघींत मिळून एक पुरता माणूस व्हायचा, आणि त्या माणसाला अख्खी गल्ली वचकून असायची.

तीन महिन्यांनी परवानगी मिळाली. गवंड्याने येऊन खडूने फरशीवर आखणी केली. मोठीआई बघायला गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे, पाठ रस्त्याकडे कशी? मी काय रुसून बसणार आहे?"

"कागदात तसंच आहे, मोठीआई." गवंड्याने खिशातून घडी काढली. "रकाना अकरा. आसनाची दर्शनी दिशा: इमारतीकडे. आणि खाली ही सही."

सही मोठीआईंचीच होती. ठसठशीत, पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं कागदाच्या कडेला चेपलेलं. त्या तशाच बाईंच्या दारात गेल्या.

"बाई, तू आत तोंड लिहिलंस?"

"मग काय लिहायचं? फाटकाच्या आतलं बाक आतच बघणार ना?"

"मला विचारायचंस."

"त्यात विचारायचं काय? घराकडे पाठ करून कुणी बसतं का?"

"आणि रस्त्याकडे पाठ करून बसतं का कुणी? येणारं-जाणारं दिसायला नको?"

"कशाला दिसायला हवं?" बाई म्हणाल्या.

इथपर्यंत मामला साधा होता. यात अजून तत्त्व शिरलं नव्हतं. तत्त्व संध्याकाळी आलं, आणि पाहुण्यासारखं आलं नाही, सामानसुमान घेऊन मुक्कामालाच आलं. सहाच्या सुमारास मोठीआई जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या, "माणसाने जगाकडे पाठ फिरवू नये." आणि सातच्या सुमारास बाई आपल्या बारीक आवाजात दारातून सांगत होत्या, "आधी आपलं घर, आपली पोरं. रस्त्याचं रस्ता बघून घेईल." सकाळी दोघींपैकी कुणीही जगाचा किंवा रस्त्याचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोठीआई पालिकेच्या ऑफिसात गेल्या. एकट्या. तीस वर्षांत पहिल्यांदा सोबत अक्षर नव्हतं, नुसताच आवाज होता.

"दिशा बदलता येते," कारकून म्हणाला. "फक्त इमारतीतल्या सगळ्या घरांचं ना-हरकत पत्र आणा."

"सगळ्या?"

"चोवीसच्या चोवीस."

"बाकाचं तोंड कुठे असावं याने तुम्हाला काय फरक पडतो हो?"

"मला काहीच नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "म्हणून तर मला या टेबलावर बसवलंय."

झालं. चोवीस घरांना एका बाकाबद्दल मत विचारणं म्हणजे चोवीस घरांना मत देऊन येणंच. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना बाक होणार आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, त्यांना आता त्यावाचून झोप येईना. आठवड्याभरात इमारतीत आतले आणि बाहेरचे असे दोन पक्ष झाले. आतल्यांच्या मते बाहेरचे म्हणजे घरदार वाऱ्यावर सोडून रस्त्याच्या चौकशा करणारे लोक. उद्या येईल त्याला बाकावर बसवतील आणि परवा जिन्यात झोपवतील. बाहेरच्यांच्या मते आतले म्हणजे कोण किती वाजता कुणाबरोबर घरी आलं याची नोंद ठेवणारे लोक. त्यांना बाक नको, चौकी हवी. बाकावर बसल्यावर पाठीला आधार किती असावा, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गुडघा तर सगळे विसरलेच.

घरात काय झालं ते सांगायला मोठीआईंना अजून कसंसंच होतं. मुलगा ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "आई, राग मानू नकोस, पण बाईंचं बरोबर आहे. सुरक्षितता नावाची काही गोष्ट असते."

"तुला न्हाऊमाखू घातलं मी," मोठीआई म्हणाल्या, "आणि सुरक्षितता बाईंची का?"

"याचा आणि न्हाऊमाखूचा काय संबंध?"

"काहीच संबंध नाही, असं कसं म्हणतो हा!" सूनबाई मध्येच कडाडली. "मोठीआईंचंच बरोबर आहे."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच सून आपल्या बाजूने बोलली, तेव्हाच खरं तर मोठीआईंना संशय यायला हवा होता की आपलं कुठेतरी चुकतंय. पण पक्षात माणूस आलं की ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. त्यांनी सुनेच्या ताटात एक पोळी जास्तीची वाढली.

मग सायकल गेली. चौथ्या मजल्यावरच्या फोटोग्राफरची, जिन्याखालून, भर दिवसा. आतले म्हणाले, बघा, बाकाचं तोंड आत असतं तर चोर सायकलीला हात लावताना कुणाला तरी दिसला असता. बाहेरचे म्हणाले, बघा, तोंड बाहेर असतं तर चोर सायकल घेऊन जाताना दिसला असता. दोन दिवस एकच सायकल दोन्ही पक्षांच्या बाजूने साक्ष देत होती. तिसऱ्या दिवशी फोटोग्राफरला आठवलं की सायकल आपणच दुरुस्तीला टाकली होती. तो बिचारा दारोदार हे सांगत फिरला. कुणाच्या मताचा टवकाही उडाला नाही.

"सापडली म्हणून काय झालं?" मोठीआई म्हणाल्या. "जाऊ शकली असती ना!"

तळमजल्यावर बाईंनीही त्याला शब्दशः हेच ऐकवलं होतं, असं त्याने जाता जाता सांगितलं. मोठीआईंनी दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू मुलगी राहायची, माणसाच्या मनाचा अभ्यास करणारी. माणसं एकमेकांना नुसतं चुकीचं न मानता थेट वाईट का मानतात, असा काहीतरी तिचा विषय. त्यासाठी ती लांबलांबच्या गावांना जाऊन फॉर्म भरून आणायची. आता विषयच जिन्याने वर चालत आला म्हटल्यावर तिला आनंद मावेना. वही घेऊन ती मोठीआईंकडे आली.

"बाहेर तोंड का हवं, मोठीआई?"

"वारा येतो."

"समजा, आतल्या बाजूनेही तितकाच वारा आला?"

"येणारं-जाणारं दिसतं."

"समजा, रस्ताच बंद झाला. कुणी येतही नाही, जातही नाही."

"समोरची झाडं दिसतात."

"समजा, झाडं तोडली आणि तिथे भिंत बांधली."

मोठीआईंनी जरा विचार केला. "मग भिंतीकडे बघेन."

"म्हणजे कारण एकही उरलं नाही, तरी मत आहेच?"

"अगं, मत आहे म्हणून तर कारणं शोधत्येय ना! तू एकेक मोडत बस, मी नवी आणते. मला दुपारभर काम नाही."

मुलीने ते घाईघाईने लिहून घेतलं. मग पेन चावत म्हणाली, "गंमत म्हणजे बाईंचंही असंच झालं. मी म्हटलं, समजा जिना पाडला तर? तर म्हणाल्या, पडक्या जिन्याकडे बघेन."

मोठीआईंना एकदम हसू फुटलं. बाई हे कशा म्हणाल्या असतील, चष्मा नाकावर घेऊन, जराही न हसता, ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. असलं काही ऐकलं की चपला सरकवायच्या आणि तळमजला गाठायचा, ही सवय. चपलेत पाय गेलेही होते. मग त्यांनी ते परत बाहेर काढले.

तीन आठवडे असे गेले. बँकेचं पत्र आलं ते सुनेने वाचून दाखवलं. तिने वाचलं चांगलं, पण ती जेवढं लिहिलंय तेवढंच वाचायची. बाई वाचताना मध्ये मध्ये "चोर आहेत मेले" असं हळूच घालायच्या, त्यामुळे पत्र समजायचं. तिकडे बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस गळत होता. प्लंबर रोज उद्या येतो म्हणून सांगायचा, आणि बाई रोज बरं म्हणायच्या. मोठीआई वर जाता-येता ती टपटप ऐकायच्या. प्लंबरला चार शब्द सुनावायला त्यांची जीभ शिवशिवायची. पण विरोधी पक्षाच्या नळासाठी भांडायचं म्हणजे लोक काय म्हणतील!

शेवटी सेक्रेटरींनी सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. गृहस्थ सज्जन, आणि त्यांना कुठलंच मत नव्हतं. त्यामुळे दोन्ही पक्षांचं त्यांच्याबद्दल मात्र एकमत होतं. आतले त्यांना बाहेरच्यांचा हस्तक म्हणत आणि बाहेरचे आतल्यांचा.

गाड्या उभ्या करायच्या जागेत खुर्च्या मांडल्या. मध्ये वाट सोडून दोन बाजू कधी झाल्या ते कुणालाच कळलं नाही. मोठीआईंचा मुलगा पलीकडे बसला. तासभर चर्चा झाली, म्हणजे प्रत्येकाने आपल्याच बाजूकडे बघून भाषण केलं आणि आपल्याच बाजूने टाळ्या घेतल्या. टाळ्यांची मोठीआईंना सवय नव्हती. त्या पहिल्यांदाच मिळाल्या आणि डोक्यात गेल्या. त्या उठून म्हणाल्या, "आत तोंड कुणाला हवं असतं? ज्यांचं स्वतःचं काही चाललेलं नसतं आणि दुसऱ्याच्या जिन्यात डोकावल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही, त्यांना!"

बाहेरच्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. बाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज इतका बारीक की सगळ्यांना गप्प बसावं लागलं, आणि म्हणून प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू गेला.

"जिला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या, "तिने कागदावर सही करू नये."

कुणी टाळी वाजवली नाही. आतल्यांनीसुद्धा नाही. मोठीआई खाली बसल्या. त्यांनी पदर सारखा केला, जो सारखाच होता. सूनबाईने त्यांच्या हातावर हात ठेवला तर त्यांनी तो काढला नाही, यावरून काय ते समजावं.

याच शांततेत डॉक्टर उठले आणि जवळजवळ रडत म्हणाले, "मी दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणतो. आज हात जोडून सांगतो, मिटा. मध्ये एकच पाठ घालू आणि दोन्हीकडे बसायला करू. ज्याला आत बघायचं तो आत बघेल, ज्याला बाहेर बघायचं तो बाहेर."

ही तोड कुणालाच आवडली नाही. आतले म्हणाले, ही बाहेरच्यांपुढे शरणागती आहे. बाहेरचे म्हणाले, ही आतल्यांची चाल आहे. दोन्ही बाजू सारख्याच नाखूश आहेत म्हटल्यावर डॉक्टरांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. पालिकेच्या कारकुनाने त्या ठरावालाच चोवीस घरांचं ना-हरकत पत्र मानून रकाना अकरामध्ये दोन्हीकडे असं लिहून शिक्का मारला. त्याला याही वेळी काही फरक पडला नाही.

बाक झालं. सिमेंटचं, मध्ये पाठ, दोन्हीकडे बैठक. पहिले आठ दिवस त्यावर इमारतीतलं कुणीही बसलं नाही. कुठल्याही अंगाला टेकलं की पक्ष जाहीर व्हायचा, आणि मधल्या पाठीवर तर बसता येत नव्हतं. कुरिअरवाला एकदा चुकून आतल्या बाजूला बसला, तर बाहेरच्यांच्या घरांत त्या दिवशी त्याच्याकडून पार्सल कुणी घेईना. मोठीआई रोज बाजारातून येत, बाकाकडे न बघता बाकाजवळून जात, आणि गुडघा चावत असताना ऐंशी पावलं मोजत. ज्या बाकासाठी तीन महिने खेटे घातले, ते आपल्याच मालकीचं नसल्यासारखं ओलांडून जायचं. गर्व हा प्रकार गुडघ्याला फार महागात पडतो.

नवव्या दिवशी सकाळी गुडघ्याने ऐकलं नाही. मोठीआई बाहेरच्या बाजूला बसल्या. समोर रस्ता, झाडं, एक माणूस कुत्र्याला ओढत होता की कुत्रा माणसाला ते नीट कळत नव्हतं. भिंत अजून कुणी बांधली नव्हती. बसल्यावर इतकं बरं वाटलं की त्यांना रागच आला.

थोड्या वेळाने पाठीमागे कुणीतरी बसलं. खोकलं नाही, बोललं नाही. पण बसताना जो बारीक सुस्कारा आला तो तीस वर्षं ऐकलेला होता. मोठीआई उठल्या नाहीत. आता उठलं तर हरल्यासारखं दिसलं असतं. मागचंही कुणी उठलं नाही, बहुधा त्याच कारणासाठी.

दोघींच्या मध्ये सिमेंटची पाठ. तोंड दिसत नव्हतं. तोंड दिसलं असतं तर दोघींनी आधी ते वाकडं केलं असतं.

"नळ गळतोय अजून?" मोठीआईंनी रस्त्याला विचारलं.

"गळतोय," इमारतीकडे बघत उत्तर आलं.

"हं."

मग मागून आवाज आला, "मी सभेत बोलले ते बोलायला नको होतं."

"बोललीस ते बोललीस. मी काय कमी बोलले?"

"तू जास्तच बोललीस."

"झालं का सुरू?"

"नाही. ऐक." बाईंचा आवाज आणखी बारीक झाला. मोठीआईंना मान मागे टेकवावी लागली. "मला इथून खिडकी दिसते. आमचे हे दीड वर्ष त्या खिडकीपाशी खुर्चीत आहेत. अर्धं अंग हलत नाही. काही लागलं तर हाक मारता येत नाही त्यांना, नुसता हात वर करतात. तो हात दिसला पाहिजे मला. म्हणून आत लिहिलं."

"मग हे सांगायचं सोडून तू सुरक्षितता काय घेऊन बसलीस!"

"सगळ्यांसमोर काय सांगू? आमच्या ह्यांना हात वर करावा लागतो, हे?"

मोठीआईंच्या काहीतरी लक्षात आलं. "पण बाक तर माझ्यासाठी होतं. तुला कशाला खिडकी दिसायला हवी?"

"तुझ्यासाठी कसं? मला वाटलं, आपण दोघी बसू."

रस्त्यावरचा माणूस कुत्र्यासकट कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, तरी मोठीआई तिकडेच बघत होत्या. अर्ज केल्यापासून आजपर्यंत, पालिकेत, जिन्यात, सभेत, एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं की बाकावर दोन माणसं मावतात.

"आणि तुझं काय होतं?" बाईंनी विचारलं. "ते जगाकडे पाठ फिरवू नये वगैरे सोडून."

"माझं काय," मोठीआई म्हणाल्या. "चाळीस वर्षं घराकडेच बघत्येय. कुणाचं दूध उतू चाललं, कुणाचं दप्तर राहिलं. म्हटलं, दहा मिनिटं बसेन तेवढा वेळ तरी कुणाचं काय सांडलं ते दिसू नये. हे सुनेसमोर बोलता येतं का?"

"येत नाही," बाई म्हणाल्या.

एवढ्यात जिन्यातून माणसं यायला लागली. बातमी चोवीस घरांत फिरायला चार मिनिटं लागली होती. आतल्यांमध्ये पुढे मोठीआईंचा मुलगा, बाहेरच्यांमध्ये पुढे सूनबाई, दोघंही दुखावलेल्या चेहऱ्याने. आम्ही तुमच्यासाठी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं, आणि तुम्ही खुशाल गप्पा मारताय, असं दोन्हीकडच्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते वाचायला जोडाक्षरं यावी लागत नाहीत. भाडेकरू मुलगी वही घेऊन धावत आली. सगळ्यात मागून डॉक्टर आले, हातमोजे तसेच, कुणालातरी खुर्चीत आ वासलेलंच ठेवून.

"मिटलं का?" त्यांनी आशेने विचारलं. "मोठीआई, मिटलं?"

"मिटलं कसलं डोंबलाचं!" मोठीआई म्हणाल्या. "बाकाचं तोंड बाहेरच हवं होतं. ही चुकत्येय."

"चुकतेस तू," पाठीमागून बारीक आवाज आला.

"ऐकलंत? अजून पुष्कळ बोलायचंय आमचं. तुम्ही सगळे घरी जा बघू. आणि मधून सरका, हिला खिडकी दिसू दे."